कणगीचा तळ

मे महिन्याचा शेवट जवळ आला की मडगावात पवित्र आत्म्याच्या चर्चीच्या परिसरात मांडव उभे राहतात. सुक्या मिरच्यांच्या राशी, कांद्याच्या माळा, मीठ लावलेले चिंचेचे गोळे, भिरंडेची म्हणजे कोकमाची सोलां, खारे बांगडे, सुकी सुंगटां म्हणजे कोळंबी, मातीची मडकी. लोक याला पुरुमेंताचं फेस्त म्हणतात. फेस्त पेन्टेकोस्ट या पवित्र आत्म्याच्या सणाला धरून येतं आणि पेन्टेकोस्ट ईस्टरला धरून, म्हणून तारीख दरवर्षी थोडी हलते. हेतू मात्र हलत नाही. पाऊस सुरू होण्याआधी चार महिन्यांचा शिधा घरात आला पाहिजे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही त्या दिवसांत हीच लगबग असते, आणि हिंदू घरातली बाई व ख्रिस्ती घरातली बाई एकाच राशीतली मिरची मोडून तिचा वास घेत असते.

पुरुमेंत हा शब्द पोर्तुगीजांच्या 'प्रोव्हिमेंतु'वरून आला. त्याचा अर्थ तरतूद, शिधासामग्री. मराठी कानाला मात्र त्यात 'पुरणं' ऐकू येतं. व्युत्पत्तीशी त्याचा काही संबंध नाही, पण ऐकू येतं ते खोटं नाही. 'देव पुरवतो' म्हणताना आपण तेच क्रियापद वापरतो, आणि जूनच्या तोंडावर कणगीत डोकावताना मनात असतो तोही तोच प्रश्न. हे पुरेल का?

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. पूर्वी ओढ्यांना पूर आला की वाडे, म्हणजे वस्त्या, एकमेकांपासून तुटायचे. त्यामुळे हिशेब नेमका करावा लागायचा. पाच-सहा माणसांचं, दोन्ही वेळा भात खाणारं घर दिवसाला दीड किलो तांदूळ धरून चालायचं. जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस म्हणजे १८३ किलो. पाहुणे, श्राद्धपक्ष आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, धरली की दोनशे. त्यावर कुळीथ, अळसांदे, मीठ, गूळ, नारळ, आणि पावसाआधी पडवीत रचलेली सुकी लाकडं. आज दुकान कोपऱ्यावर आहे, फोनवर सामान दारात येतं, आणि तरीही मे महिन्यात बरण्या भरणारी घरं आहेत. त्यांना मी जुन्या वळणाची म्हणणार नाही. संकटाआधी काय करायचं आणि संकटात काय करायचं, हे त्या घरांना वेगवेगळं माहीत असतं.

भगवंताने भक्ताला दिलेलं आश्वासन आपल्याकडे एका शब्दात सांगतात: योगक्षेम. गीतेच्या नवव्या अध्यायातल्या बाविसाव्या श्लोकाचा शेवटचा चरण, 'योगक्षेमं वहाम्यहम्', आयुर्विमा महामंडळाच्या चिन्हाखालीही असतो, म्हणून तो घराघरात पोचला. पण आपण तो शब्द एका दमात म्हणून टाकतो आणि त्यात दोन निराळ्या गोष्टी आहेत हे विसरतो. भाष्यकारांनी फोड करून ठेवली आहे. जे मिळालेलं नाही ते मिळणं हा योग. मिळालेल्याचं रक्षण हे क्षेम. अडचणीच्या दिवसांत आपली सगळी प्रार्थना योगासाठी असते. नोकरी मिळू दे, पैसे येऊ देत, गुण येऊ दे. क्षेम मागायला माणूस सहसा विसरतो, आणि घरं बहुतेक वेळा क्षेमाच्या बाजूनेच गळतात.

चेपणीच्या तोरांची बरणी पाहिली म्हणजे हे कळतं. तोरं म्हणजे अजून बाठा न धरलेल्या कोवळ्या कैऱ्या. त्या दगड मारून किंवा झाड झोडपून पाडायच्या नाहीत, हाताने उतरवायच्या, आणि थोडा देठ ठेवून. देठ मुळापासून तुटला की तिथे चीक वाहतो आणि तीच जागा पुढे कुजायला लागते. मग धुवायच्या, एकेक पुसायची, सावलीत पूर्ण कोरडी होऊ द्यायची. पाच किलो तोरांना साधारण किलोभर जाडं मीठ. तळाला मीठ, वर तोरं, पुन्हा मीठ, असे थर. वर ताटली आणि ताटलीवर धुऊन वाळवलेला दगड. दोन-तीन दिवसांत तोरांना आपलंच पाणी सुटतं. ते वरपर्यंत आलं नाही तर पाणी उकळून, गार करून, त्यात मीठ विरघळवून ओतायचं. नियम एकच, एकही तोर पाण्याच्या वर तरंगता कामा नये. जुलैच्या मध्याला झाकण उघडलं आणि वर पांढरी साय दिसली तर घाबरायचं कारण नाही. ती काढून टाकायची, खालचं तोर दाबून बघायचं. टणक असेल तर ते चांगलं आहे. बोट आत गेलं आणि वास बदललेला असला तर कुणाचा तरी ओला हात बरणीत गेला, किंवा दगड हलका पडला. मीठ कमी पडलं असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा दोष ओल्या हाताचा असतो.

सोलांचंही तसंच. भिरंडं एप्रिल-मे महिन्यात पिकतात. फळ धुऊन दोन भाग करायचे, आतला गर आणि बिया मीठ घातलेल्या भांड्यात काढायच्या, साली उन्हात. संध्याकाळी त्या साली त्याच रसात बुडवायच्या, सकाळी पुन्हा ऊन. असं चार-पाच दिवस. तयार सोल काळपट होतं, वाकवलं तर मोडत नाही आणि बोटाला चिकटत नाही. चौथ्या दिवशी आभाळ आलं म्हणून घाईने भरलेली सोलां ऑगस्टात हमखास बुरशी धरतात. बियाही टाकायच्या नसतात. त्यांच्यापासून भिरंडेल काढतात, आणि पावसात चिखलाने भेगाळलेल्या टाचांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. खारे बांगडे करताना आधी पोट साफ करून मीठ भरून रात्रभर ठेवतात, कारण माशी अंडी घालते ती पहिल्या ओल्या दिवशी. मीठ आत गेलं की तिला जागा उरत नाही. आणि उन्हातून काढलेली कुठलीही वस्तू, मासा असो की तांदूळ, गरम असताना डब्यात भरायची नाही. रात्रभर गार होऊ द्यायची. गरम भरली की झाकणाला आतून घाम सुटतो, आणि सगळं बिघडतं ते त्या थेंबभर घामाने.

खाजन शेतीचे बांध असेच वाचतात. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून चिखलमातीचे बांध आणि भरती-ओहोटीच्या दाबाने आपोआप मिटणाऱ्या-उघडणाऱ्या मानशी, म्हणजे झडपांची दारं, ही गोव्याची शेकडो वर्षांची व्यवस्था. बांधाला भगदाड पडतं तेव्हा लोकांना वाटतं समुद्र कोपला. पण सुरुवात कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, बिळांतून होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी बांधावरून चालत जाऊन ती बिळं चिखलाने बुजवायची असतात. एक उधाण ते राहून गेलं की बोटाएवढ्या बिळातून पाणी वाट काढतं, माती आतून पोखरली जाते, आणि पुढच्या भरतीला शेत खारं होतं. एकदा खारं झालेलं शेत गोडं व्हायला काही पावसाळे जावे लागतात.

देवावर भरवसा ठेवणाऱ्यांनी साठवण करावी का, असा प्रश्न काही भाविक मनापासून विचारतात. बायबलमध्ये वाळवंटात देवाने पाठवलेल्या अन्नाची, मान्नाची, हकीकत आहे. रोज सकाळी प्रत्येकाने त्या दिवसापुरतं वेचायचं. ज्यांनी भीतीने दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं त्यांच्या भांड्यात किडे झाले. पण सहाव्या दिवशी दुप्पट वेचा, असंही त्यांना सांगितलेलं होतं, आणि ते सातव्या दिवसापर्यंत चांगलं राहिलं. साठवण तीच, एक सडली आणि एक टिकली. पुरुमेंताला चार महिन्यांचं माप आहे, ते याच कारणाने मला फार शहाणपणाचं वाटतं. भयाने भरलेलं घर दोन वर्षांचे तांदूळ आणून ठेवतं आणि त्यात टोके, म्हणजे तांदळातले किडे, होतात. मापाने भरणारं घर तळाशी दोन मूठ जास्त टाकतं, शेजारणीसाठी. जुलैमध्ये वाडगा घेऊन कुणी मागच्या दाराशी आलं तर कणगीतून काय द्यायचं हे मे महिन्यातच ठरलेलं असतं. ज्या घरात तो वाडगा भरला जातो त्या घराचा देवावरचा भरवसा मला शब्दांत ऐकायची गरज वाटत नाही.

मात्र सगळी संकटं मे महिन्यात सांगून येत नाहीत. आजार येतो, मूल हरवतं, घरातला कमावता माणूस जातो. तेव्हा गोव्यातला माणूस देवळात जाऊन गाऱ्हाणं घालतो आणि कौल लावतो. याची रीत देवळागणिक थोडी वेगळी, पण गाभा एकच. मूर्तीला स्नान घालतात. मग फुलाची पाकळी, कळी किंवा पान पाण्याने ओलं करून मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी, उजव्या आणि डाव्या बाजूला, चिकटवतात. भट किंवा गुरव मागणाऱ्याचं नाव, गोत्र, गाव सांगून देवापुढे प्रश्न मांडतो. मग सगळे गप्प. ओलसर दगडावर ती इवलीशी पाकळी चिकटून असते. समईच्या उजेडात तिची कड हळूहळू सुटते, वळते. बघणारा श्वासही जपून घेतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी अर्धा तास काहीच पडत नाही. तेव्हा भट म्हणतो, देव आज बोलत नाही, परत या.

कौल लावताना चुका होतात त्या प्रश्नात. एका वेळी एकच गोष्ट विचारायची असते आणि तिचं उत्तर हो किंवा नाही असंच हवं. 'जमीन विकू की ठेवू आणि मुलीचं लग्न यंदा करू का' असा प्रश्न विचारला तर पाकळीने तरी काय सांगावं? दुसरी चूक याहून मोठी. डावा आला म्हणून थोडं फिरवून पुन्हा विचारायचं, मग दुसऱ्या देवळात, मग तिसऱ्या, उजवा मिळेपर्यंत. ज्याला उत्तर आधीच ठरवून हवं आहे त्याने देवाला विचारलेलंच नसतं. आणि छातीत कळ आलेल्या माणसाला डॉक्टरकडे न्यावं का, हा कौलाचा प्रश्नच नव्हे. आधी गाडी काढायची. देवाला गाडीतूनही हाक मारता येते.

डाव्या कौलाबद्दल लिहायला हवं, कारण भरवशाविषयी बोलताना लोक तो झाकून ठेवतात. नवस केला, अभिषेक झाला, तरी माणूस गेला. अशा घरात जाऊन 'देवाच्या मनात असेल ते भल्यासाठीच' असं म्हणू नये. ते खरं असलं तरी त्या दिवशी सांगायचं नसतं. त्या दिवशी पेज घेऊन जायची. आपल्याकडे सुतकातल्या घरात शेजारून जेवण जातं, त्या घरात चूल पेटवायची नसते म्हणून. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण ज्याने केला त्याला दुःख माहीत होतं. शब्दांनी सांत्वन होत नाही तेव्हा गरम पेजेचा टोप दारात ठेवणं हे त्याला देवाचं काम वाटलं असावं, आणि मलाही तसंच वाटतं.

या भूमीतल्या देवांनीच फार मोठा डावा कौल पाहिलेला आहे. १५६० च्या दशकात सासष्टीतली देवळं पडू लागली तेव्हा लोकांनी आपले देव उचलले. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. जुवारीपलीकडे फोंड्याचा मुलूख आदिलशाहीत होता आणि तिथे थारा मिळाला. 'वहाम्यहम्' म्हणजे मी वाहतो. ज्यांचा भार देव वाहतो अशी श्रद्धा होती, त्यांनी त्या रात्री देवाचा भार होडीतून वाहिला. पलीकडे गेल्यावर लगेच दगडी सभामंडप मिळाले नाहीत. साध्या मातीच्या देवळ्यांत देव राहिले. आज कवळ्याला दिसते ती शांतादुर्गेच्या देवळाची इमारत अठराव्या शतकातली. म्हणजे ज्यांनी नदी ओलांडली त्यांनी, त्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनीही ती पाहिली नाही. सकाळचा अभिषेक मात्र त्यांनी चालू ठेवला. आपल्याला मिळालेलं त्यांनी सांभाळलं, आणि जे मिळालं नव्हतं ते पुढच्यांना मिळालं.

अलीकडची अडचण आठवायची तर खाणबंदी. आधी २०१२ मध्ये, आणि मग ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द होऊन १६ मार्चपासून उत्खनन थांबलं. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत घरापुढे ट्रक उभे राहिले, त्यांचे हप्ते मात्र चालू होते. अशा वेळी श्रद्धाळू माणूस एक चूक करतो. काहीतरी होईल, देव काढील वाट, असं म्हणत तो बँकेत जायचं टाळतो. हप्ता थकून ९० दिवस उलटले की कर्ज अनुत्पादक ठरतं आणि मग बोलणी फार अवघड होतात. तेच पहिला हप्ता चुकायच्या आधी कागद घेऊन गेलं, उत्पन्न का थांबलं ते लिहून दिलं, मुदत वाढवून मागितली, तर व्यवस्थापकाच्या हातात काहीतरी असतं. देव वाट काढतो ती कधीकधी त्या टेबलापुढच्या खुर्चीतून जाते, आणि तिथे बसायला लाज वाटू नये.

सरकारी मदतीचंही असंच. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड बहुतेक घरांत आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण त्यात मिळतं. पण कार्डाला मुदत असते आणि ते नव्याने करून घ्यावं लागतं. इस्पितळाच्या खिडकीशी उभं राहिल्यावर मुदत संपल्याचं कळणं, यासारखं दुसरं दुर्दैव नाही. कार्ड काढलं हा योग होता. क्षेम राहून गेलं. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे थांबतात तेही बऱ्याचदा हयातीचा दाखला वेळेवर न दिल्याने. म्हणून घरातल्या देव्हाऱ्याच्या खणात या कागदांची एक पिशवी असावी आणि पुरुमेंताच्या वेळी, वर्षातून एकदा, ती उघडून सगळ्या तारखा वाचाव्यात. देवाजवळ ठेवण्यात काही विसंगत नाही. बरणीचं झाकण उघडून बघण्यासारखंच ते आहे.

वास्कोचा दामोदर सप्ताह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोगाची साथ आली तेव्हा सुरू झाला. लोक जांबावलीला श्री दामोदराकडे गेले आणि तिथला नारळ घेऊन आले. अजूनही दर श्रावणात नवा नारळ ठेवतात, जुना समुद्रात सोडतात, आणि चोवीस तास भजन चालतं. ते खंडता कामा नये. पहाटे तीन-चारच्या सुमाराला आवाज बसलेले असतात, पखवाज धरणाऱ्याचे खांदे भरून येतात. तेव्हा नवी मंडळी येऊन बसतात, आधी चाललेल्या ठेक्यात टाळ मिसळतात, आणि मगच दमलेले उठतात. चोवीस तास कुणी एकटा गात नाही. प्रार्थना करवत नाही असे दिवस माणसाच्या आयुष्यात येतात, घशातून नाव बाहेर पडत नाही. त्या दिवसांत आपल्या वाटचा टाळ कुणीतरी वाजवत असतं.

चवथ जवळ येते तेव्हा घरात सगळ्यांत कमी उरलेलं असतं. जून-जुलैत तांदूळ गेला, सोलां निम्म्यावर आली, तोरांच्या बरणीत आता पाणीच जास्त. कणगीत हात घातला तर कोपरापर्यंत जातो आणि बोटांना बुडाचं वेत लागतं. भाताची कापणी अजून महिनाभर लांब आहे. याच दिवसांत शेतातून 'नवें' आणतात. बांधावर जाऊन नमस्कार करून भाताची चार-सहा कणसं कापायची, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचं. ताळगावला २१ ऑगस्टच्या कणसाच्या फेस्ताला ख्रिस्ती बांधवही हेच करतात, चर्चीत नेऊन. आपल्याकडे घरातलं मोठं माणूस ती कणसं आंब्याच्या पानांबरोबर सुतळीने दारावर बांधतं. आधी गेल्या वर्षीची काढायची. ती वर्षभर धुराने काळी पडलेली असतात, एक-दोन दाणे चिमण्यांनी नेलेले. मग त्याच खिळ्याला नवी. अजून हिरवी आहेत ती. एखादा दाणा दाताखाली धरला तर आत तांदूळ नसतो, दूध असतं.